डोक्याला मार लागल्यावर माहिती शाबूत राहून विचार करणं कसं काय जातं?

अंबाझरीची

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझे सासरे नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याची आडत करायचे. मागल्या वर्षी स्कूटरवरून पडले. हेल्मेट होतं, पण हँडलला अडकवलेलं. कपाळामागे आणि डाव्या कानशिलाकडे मेंदूला मुका मार लागला. ऑपरेशनची वेळ आली नाही. आता चालतात, बोलतात, पेपर वाचतात, नातवंडांवर ओरडतात. नातेवाईक म्हणतात, "वाचले ना, झालं तर मग."

मध्यंतरी मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्या चाचण्या घेतल्या. मी शेजारीच बसले होते. बाईंनी विचारलं, "संत्रं आणि केळं यांत सारखं काय?"

बाबा म्हणाले, "काहीच नाही. संत्रा काटोल-वरूडचा, केळं जळगावहून येते."

"तरी, काहीतरी सारखं असेल ना?"

"कसं असेल बाई? केळं कच्चं उतरवून पिकवावं लागते. संत्रा झाडावरच पिकते. तोडल्यावर पिकत नाही." मग संत्र्याचे दोन हंगाम, आंबिया बहार आणि मृग बहार, कोणता माल किती दिवस टिकतो, असं बरंच काही सांगितलं. एक शब्द चुकीचा नव्हता. गुण शून्य.

मग म्हण विचारली, नाचता येईना अंगण वाकडे. "मग अंगण सारखं करून घ्यावं." त्यालाही शून्य.

घरी आल्यावर मी विचारलं, "बाबा, केळं फळ आहे ना?" तर माझ्यावरच उखडले, "मग काय भाजी आहे?"

रिपोर्टमध्ये एका ओळीत लिहिलंय 'अमूर्त विचारक्षमता लक्षणीय कमी', आणि खालच्याच ओळीत 'अर्थविषयक स्मृती तुलनेने टिकून'. मला कळत नाही ते हेच. 'फळ' म्हणजे काय हे ठाऊक असणं हाच तर अमूर्त विचार झाला ना? मग या दोन ओळी वेगळ्या कशा? कुणाला अनुभव असेल किंवा वाचन असेल तर लिहा.

तर्रीदार

मला तर बाबांचं उत्तर बरोबर वाटून राहिलं. परीक्षेला बसवलं कोणाले आणि शिकून कोण गेलं? बाईंनीच गुरुदक्षिणा द्यायला पाहिजे.

जोक बाजूला. काळजी घ्या बाबांची. आणि हेल्मेट डोक्यावर घाला रे पोट्टेहो.

जुनाखोड

ताई, तुमचा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे आणि चांगला आहे.

पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळ्या आणि छर्रे लागलेले जर्मन सैनिक फ्रँकफुर्टला आणले जात. तिथे कुर्ट गोल्डस्टाइन हे डॉक्टर आणि आडेमार गेल्ब हे मानसशास्त्रज्ञ त्यांना तपासत. रंगीत लोकरीच्या लडी समोर ठेवायच्या आणि सांगायचं, लाल असतील त्या वेगळ्या करा. काही रुग्ण एक लड उचलून हुबेहूब तशीच दुसरी शोधत बसायचे. फिकट लाल आणि गडद लाल एका ढिगात टाकायला तयार नसायचे. डोळे ठीक, रंगही दिसत होते. 'हे सगळे लाल' असं म्हणायला जे एक पाऊल मागे यावं लागतं ते त्यांना येत नव्हतं.

गोल्डस्टाइन यांनी याला अमूर्त वृत्ती आणि मूर्त वृत्ती अशी नावं दिली. पुढे हिटलर सत्तेवर आला, 1933 मध्ये त्यांना अटक झाली, देश सोडावा लागला. अमेरिकेत 1941 साली मार्टिन शीरर यांच्याबरोबर त्यांनी या विषयावर मोठा प्रबंध काढला. त्यातला एक रुग्ण 'बर्फ काळा असतो' हे वाक्य नुसतं म्हणूनही दाखवायला तयार नव्हता. नाहीये तसं, मग म्हणू कसं? भरल्या पेल्यातलं पाणी पिणारा माणूस रिकाम्या पेल्यातून पिण्याचा अभिनय करू शकत नाही, हेही त्यांनी नोंदवलं.

बर्फ पांढरा असतो ही माहिती पक्की होती, किंबहुना इतकी पक्की की ती बाजूला सारताच येईना. तुमच्या बाबांचं जळगाव मला त्यातलंच वाटतं.

शंकासूर

थांबा थांबा. आधी हे सांगा, पडण्यापूर्वी हाच प्रश्न विचारला असता तर बाबांनी काय उत्तर दिलं असतं? चाळीस वर्षं माल हाताळणाऱ्या माणसाला 'दोन्ही फळं' हे उत्तर पोरकट वाटू शकतं.

रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया 1931-32 मध्ये उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांकडे गेले होते. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतलं वेगळं काय, असं विचारलं. शाळेत न गेलेले लोक म्हणत, वेगळं काहीच नाही, ओंडका नसेल तर करवत काय कामाची? त्यांच्या मेंदूला काही झालेलं नव्हतं. 'अवजारं' हा गठ्ठा बांधायची सवय शाळा लावते. मग अमूर्त विचार गेला म्हणजे नेमकं काय गेलं, शाळेची सवय?

निंबोणी

शंकासूर यांच्याशी सहमत. या चाचण्या शहरी, शिकलेल्या लोकांसाठी बनतात.

अंबाझरीची

शंकासूर, प्रश्न रास्त आहे. पण बाबा बीकॉम आहेत आणि आमच्याकडे म्हणींचं दुकान त्यांचंच होतं. माझ्या पोळ्या वातड झाल्या आणि मी कणकेला दोष दिला की हीच अंगणाची म्हण मला ऐकवायचे! दिवाळीत जावयाला टोमणा मारायचा तर तोही म्हणीतूनच. आता टोमणे बंद झालेत. घरात शांतता आहे म्हणावं तर तीच खुपते.

जुनाखोड

म्हणजे शाळेचा मुद्दा इथे लागू नाही. आधी होतं ते गेलं, तर तो आजार. मुळात नव्हतं, तर ती राहणी.

शंकासूर

मान्य. या माणसापुरतं मान्य. चाचणीबद्दलची शंका कायम.

न्यूरोवाली

मी याच क्षेत्रात काम करते. रुग्ण न बघता निदान करणार नाही, पण त्या दोन ओळींबद्दल लिहू शकते.

डोकं आपटतं तेव्हा मेंदू कवटीच्या आत सरकतो. कवटीचा तळ पुढच्या बाजूला खडबडीत असतो, हाडाच्या कडा असतात. म्हणून मार कुठेही लागला तरी कपाळामागचा भाग आणि कानशिलांची पुढची टोकं बरेचदा खरचटतात. शिवाय आतले लांब धागे ताणले जातात, ते स्कॅनमध्ये नेहमी दिसतातच असं नाही.

आता कानशिलाच्या टोकांचा संबंध सिमँटिक मेमरीशी, म्हणजे रिपोर्टमधल्या 'अर्थविषयक स्मृती'शी आहे. केळं म्हणजे काय, चिमटा कशासाठी, दिल्ली कुठे, ही सगळ्यांना सामाईक असलेली माहिती. मानसशास्त्रज्ञ एन्डेल टुल्विंग यांनी 1972 मध्ये ती 'माझ्यासोबत काय घडलं' या आठवणींपासून वेगळी काढली. दोन्ही बाजूंची टोकं झिजत गेली तर ही माहिती मुळापासून पुसली जाते, त्या आजाराला सिमँटिक डिमेन्शिया म्हणतात. अपघातात एका बाजूला मार असेल तर फटका बहुधा सौम्य असतो.

कपाळामागचा भाग माहिती साठवत नाही. असलेल्या माहितीतून या क्षणी कामाची कोणती ते तो निवडतो आणि बाकीची दाबून ठेवतो. संत्रं म्हटल्यावर काटोल, भाव, बहार, आंबट, पेटी, फळ हे सगळं एकदम वर येतं. बाबांच्या बाबतीत तर हा ढीग तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी मोठा. त्यातून 'फळ' उचलायचं तर बाकी सगळं जोरदार माल मागे ढकलावं लागतं. तेच जमत नसेल तर सर्वांत ठळक गोष्ट तोंडी येते, आणि आडत्यासाठी ठळक काय, तर माल कुठून येतो.

2006 साली एलिझाबेथ जेफ्रीज आणि मॅथ्यू लॅम्बन राल्फ यांनी सिमँटिक डिमेन्शियाचे रुग्ण आणि पक्षाघातामुळे शब्दार्थात गोंधळणारे रुग्ण यांची तुलना केली. पहिल्या गटाला जी वस्तू एका चाचणीत कळली नाही ती दुसरीतही कळत नव्हती, माहितीच गेलेली. दुसऱ्या गटात तीच वस्तू एका चाचणीत जमायची, दुसरीत नाही, आणि थोडी खूण दिली, पहिलं अक्षर सांगितलं की उत्तर यायचं. माहिती होती, ताबा नव्हता.

घरी बघायचं असेल तर एवढंच बघा: तीच गोष्ट वेगळ्या वाटेने विचारली तर येते का? खूण दिल्यावर येते का? पण परीक्षा घेतल्यासारखं करू नका. माणूस अपमानित होतो.

तर्रीदार

म्हणजे आडात नाही तर पोहऱ्यात कोठून, हे इथे उलटं आहे. आडात भरपूर आहे, पोहराच गळून राहिला. शंभर वर्षांचं संशोधन एका ओळीत बसवलं, माझी पीएचडी पोस्टानं पाठवा.

न्यूरोवाली

@तर्रीदार, हसले. आणि बरोबरही आहे.

हरवलेला_छत्री

वाचनखूण साठवली. यंदा मृगाचा माल कधी येतो कळमन्यात? पुण्याला एक पेटी पाठवायची होती.

मृगबहार

फेब्रुवारीपासून. आत्ता जो मिळतो तो आंबियाचा शेवटचा, साल सुटलेला असतो, घेऊ नका.

हरवलेला_छत्री

आणि भाव?

व्यवस्थापक

संत्र्याच्या भावासाठी खरेदी-विक्री विभागात धागा आहे. इथे विषयाला धरून लिहावे.

सक्करदरा_एक्सप्रेस

आमच्या घरी याच्या नेमकं उलट झालं, म्हणून लिहितो.

लहान भावाला सहा-सात वर्षांपूर्वी मेंदूज्वर झाला, नागिणीच्या कुळातल्या त्या विषाणूचा. सुरुवातीला जिथे नेलं तिथे तापावरच उपचार चालले, बडबडतो तो तापामुळे म्हणाले. निदानाला उशीर झाला. वाचला, पण वेगळाच होऊन आला.

तो फिटर आहे. पाना, व्हाइस, ड्रिल, व्हर्नियर, सगळं सांगतो आणि वापरतो. पण भाजीबाजारात नेला की हरवतो. दोडका हातात घेऊन म्हणतो, "हे खायचं असते का?" तान्ह्या पोळ्याला पोरीचा लाकडी बैल त्याने स्वतः दुरुस्त करून दिला, चाक बसवलं, एक्सल सरळ केला. आणि खरा बैल रस्त्यात दिसला तर "मोठं जनावर" यापलीकडे काही नाही. शिंगं आहेत म्हणून मारेल हेही त्याला सांगावं लागते.

पण विचार? एकदम तेज. टोमणे कळतात, म्हणी कळतात, राजकारणावर तास-तास भांडतो. न्याय म्हणजे काय विचारा, भाषण देईल. कोंबडा म्हणजे काय विचारा, गप्प.

जुनाखोड

सक्करदरा, तुमच्या भावासारखे रुग्ण या शास्त्रात प्रसिद्ध आहेत. 1984 मध्ये एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस यांनी याच मेंदूज्वरातून उठलेल्या चार जणांबद्दल लिहिलं. निर्जीव वस्तू ठीक, सजीव आणि खाद्यपदार्थ मात्र गायब. त्यातल्या एकाने पाणबुडीचा अर्थ नीट सांगितला आणि पोपट म्हटल्यावर 'माहीत नाही'.

त्याआधी 1975 मध्ये वॉरिंग्टन यांनीच आणखी एक रुग्ण वर्णिला होता. तो अपघाताचा नव्हता, मेंदू झिजण्याचा होता. त्याला विनवणी, याचना असे शब्द समजावून सांगता येत आणि गवत, सुई विचारलं की आठवत नाही म्हणे. एरवी सगळ्यांना डोळ्यांपुढे आणता येणारे शब्दच सोपे जातात. इथे ते नेमके उलटे झाले.

शंकासूर

मग आता गंमत बघा. ताईंच्या बाबांना संत्रं माहीत, 'दोन्ही फळं' जमत नाही. सक्करदरांच्या भावाला न्याय समजतो, कोंबडा नाही. दोन्ही बाजूंनी उदाहरणं सापडली म्हणजे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं शास्त्रज्ञ म्हणणार. पण 'अमूर्त' हा शब्द इथे दोन अर्थांनी वापरला जातोय. एक, 'न्याय'सारखा न दिसणारा शब्द समजणं. दोन, दिसणाऱ्या गोष्टींपासून मागे सरून बघता येणं. भावाचा पहिला शाबूत आहे. बाबांचा दुसरा गेलाय. बाबांना 'इमानदारी म्हणजे काय' विचारलंय का कुणी?

न्यूरोवाली

हे महत्त्वाचं आहे, आणि बरेच रिपोर्ट हा फरक करत नाहीत. अमूर्त शब्दांचा अर्थ हासुद्धा सिमँटिक मेमरीचाच भाग आहे. अमूर्त विचार म्हणतो तो त्या साठ्यावर काम करणारा हात. म्हणून गोल्डस्टाइन यांची 'एकच अमूर्त वृत्ती' आज कुणी जशीच्या तशी धरत नाही. तिचे तुकडे झालेत: निवड, दाबून ठेवणं, नियम बदलला की आपणही बदलणं, खोटं पण शक्य असं काही मनात धरणं.

जुनाखोड

तुकडे केले म्हणून अखंड वस्तू नव्हती असं सिद्ध होत नाही. गोल्डस्टाइन अख्खा माणूस बघत होते. तुमच्या तुकड्यांच्या यादीत ताईंच्या घरातले बंद झालेले टोमणे कुठे बसवाल?

न्यूरोवाली

'दाबून ठेवणं' आणि 'शक्य असं मनात धरणं' यांत. टोमण्यात शब्दाचा सरळ अर्थ दाबावा लागतो. पण काका, हे आपण वेगळ्या धाग्यावर भांडू.

जुनाखोड

काढा धागा. मी तयार आहे.

नवजीवन_वेलनेस

मेंदूच्या सर्व विकारांवर आमचे खास ब्राह्मी तेल, एका महिन्यात स्मरणशक्ती परत, फोन करा

व्यवस्थापक

वरील सदस्याचा फोन नंबर काढला आहे, खाते बंद केले आहे. प्रतिसाद नमुना म्हणून ठेवतो.

तर्रीदार

महिन्याभरात खात्री करून देणारे होते बाप्पा, खातं कायले बंद केलं? निदान त्यांना स्वतःचा पासवर्ड आठवला असता.

निंबोणी

सिमँटिक मेमरी शाबूत आणि बाकी आठवणी गेल्या असंही होतं ना? वाचल्यासारखं आठवतंय.

न्यूरोवाली

हो. टोरंटोचे केंट कॉक्रेन, 1981 मध्ये मोटरसायकलचा अपघात झाला. टुल्विंग यांनी त्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. बुद्धिबळ खेळायचे, आपल्या कुटुंबाचं विश्रांतीचं घर कुठे आहे ते ठाऊक होतं, पण तिथे घालवलेला एकही प्रसंग आठवत नव्हता. उद्या काय करशील विचारलं तरी मन कोरं. भूतकाळातले प्रसंग गेले तसं पुढचं चित्र उभं करणंही गेलं, हे त्यात लक्षात घेण्यासारखं.

अंबाझरीची

सगळ्यांचे आभार. बरंच उलगडलं. बघितलं ते सांगते.

परीक्षा न घेता, गप्पांच्या ओघात विचारलं, "बाबा, संत्रा आणि केळं दोन्ही एकाच दुकानात मिळतात, त्या दुकानाला काय म्हणायचं?" झटक्यात उत्तर, "फळवाला. काय विचारून राहिली तू हे?" म्हणजे पोहराच. शंकासूर, इमानदारीही विचारली. म्हणाले, "मापात माप मारायचं नाही, आणि माल वर चांगला आणि खाली सडका लावायचा नाही." तुम्हीच ठरवा हे मूर्त की अमूर्त.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. ओळखीच्या एका शेतकऱ्याकडून मृग बहाराचा बगीचा झाडावरच विकत घ्यायचं चाललंय. झाडं बघून अंदाज बांधायचा, रक्कम ठरवायची, माल नंतर तोडायचा. बाबांचा अंदाज आजही इतका अचूक की माझ्या नवऱ्याने दोनदा मोजून बघितलं. पण नवरा म्हणाला, "समजा फेब्रुवारीत गारपीट झाली तर?" बाबा म्हणाले, "काहून होईल? आभाळ साफ आहे." त्याने पुन्हा विचारलं, समजा झाली तर. बाबा चिडले, "होऊन नाही राहिली तर कायले बोलून राहिला?"

मला एकदम जुनाखोड काकांचा काळा बर्फ आठवला. सौद्यावर सही बाबांची लागणार आहे. काय करावं?

शंकासूर

बाप रे. आता चाचणीला कमी लेखणार नाही. ज्याला 'समजा' जमत नाही त्याने सौदा करणं धोक्याचं.

सक्करदरा_एक्सप्रेस

एक सुचवतो. माझ्या भावाला 'आग लागू शकते' असं सांगून उपयोग नसतो, 'मागल्या वर्षी शेजारच्या शेडला लागली' म्हटलं की लगेच सिलिंडर बंद करतो. बाबांना 'समजा' नका विचारू. 2014 ची गारपीट विचारा. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात बागा झोडपल्या होत्या. आडत्याला ते विसरणं शक्य नाही.

अंबाझरीची

सक्करदरा, तुमच्या पायावर डोकं ठेवते.

नवऱ्याने फक्त एवढंच विचारलं, "बाबा, 2014 ला कोणाचे बगीचे गेले होते?" बाबांनी गावंच्या गावं सांगितली, कोणी विसार बुडवला, कोणाचं नातं तुटलं ते सांगितलं. मग स्वतःहून म्हणाले, "म्हणून अर्धी रक्कम आधी, अर्धी तोड झाल्यावर. पूर्ण पैसे कोणी देते का?" नवरा बघतच राहिला. 'समजा' त्यांना आलं नाही, पण घडून गेलेल्या गोष्टीवरून नेमका तोच निर्णय आला.

जुनाखोड

वा. जी वाट शाबूत आहे तिच्यावरून नेलंत.

न्यूरोवाली

सक्करदरांनी सांगितलं ते पुनर्वसनात आम्ही करतोच, फक्त इतकं सुबक नाही. एक सावधगिरी: ही युक्ती ओळखीच्या संकटावर चालते. कधीच न घडलेल्या प्रकाराला, म्हणजे ऑनलाइन फसवणूक किंवा नव्या प्रकारचं कर्ज, बाबांकडे जुनं उदाहरण नसेल. तिथे एकट्याने सही नको.

सहीबद्दल: पुढच्या तपासणीला जाताना डॉक्टरांना स्पष्ट विचारा की आर्थिक निर्णयक्षमतेचं मूल्यांकन करून द्या. रिपोर्टवरच्या त्या दोन ओळी त्यासाठी पुरत नाहीत. चाचणीत कमी गुण म्हणजे माणूस निर्णयाला अपात्र असं नसतं, आणि चांगलं बोलतो म्हणजे पात्र असंही नसतं. प्रत्यक्ष एखादा सौदा समोर ठेवून, त्यातले धोके त्यांना कळतात का, ते स्वतःच्या शब्दांत सांगतात का, हे बघावं लागतं. तोवर सौद्यावर तुमच्या यजमानांचीही सही घ्या, आणि बाबांना बगीच्याचा अंदाज बांधायला नक्की न्या.